मधुमेही पायाच्या जखमेवरील ग्रोथ फॅक्टर जेल : यवतमाळच्या एका तालुक्यातून परीक्षण

ज्या जेलचे हे परीक्षण आहे ती मधुमेही रुग्णाच्या तळपायावर महिनोन्‌महिने चिघळत राहणाऱ्या जखमेसाठी असते. तिच्यात एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर नावाचे प्रथिन असते आणि ते त्वचेच्या पेशींना वाढण्याचा व जखमेच्या कडेकडून मध्याकडे सरकण्याचा इशारा देते. पूर्वी ही ट्यूब नागपूरहून मागवावी लागत असे. आता यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या ठिकाणी मेडिकलमध्ये मागणी नोंदवली की ती काही दिवसांत येते. माझी नोकरी ग्रामीण रुग्णालयाच्या ड्रेसिंग खोलीत परिचारिका म्हणून झाली आणि निवृत्तीनंतरही आसपासच्या गावांतील लोक पाय दाखवायला माझ्याकडे येतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली ही जेल मी अनेकांच्या पायांवर लावली आहे. काही जखमा तिने भरताना पाहिल्या आहेत आणि काही तशाच राहिलेल्याही पाहिल्या आहेत. येथे एखाद्या कंपनीची बाजू घेण्याचा किंवा तिला नावे ठेवण्याचा प्रश्न नाही. हे औषध ज्या स्वरूपात, ज्या किमतीला आणि ज्या सूचनांसह आमच्यापर्यंत पोहोचते, त्या सगळ्याचे हे मूल्यमापन आहे.

मत आधीच नोंदवते. स्वच्छ केलेल्या, पुरेसा रक्तपुरवठा असलेल्या आणि चालण्याच्या भारापासून मोकळ्या ठेवलेल्या जखमेवर ही जेल उपयोगी ठरू शकते, आणि तशा रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याने ती वापरावी. परंतु ती ज्या पद्धतीने विकली जाते ती पद्धत अपुरी आहे. दुकानातून फक्त ट्यूब हाती पडते. ज्या निगराणीच्या जोरावर अशा औषधांचे निष्कर्ष मोठ्या रुग्णालयांत चांगले आले, ती निगराणी ट्यूबबरोबर येत नाही.

औषधामागचे शास्त्र भक्कम आहे आणि ते समजून घेतले की त्याची मर्यादाही समजते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांना उंदराच्या लाळग्रंथीच्या अर्कात असा एक घटक आढळला की तो टोचलेल्या नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडत. हाच पुढे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर म्हणून ओळखला गेला आणि या क्षेत्रातील कामासाठी कोहेन यांना रिटा लेव्ही-मोन्टाल्चिनी यांच्यासह १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. साध्या जखमेत असे घटक शरीर स्वतःच तयार करते. आधी रक्त गोठते, मग काही दिवस सूज आणि लाली राहते, त्यानंतर तांबडे दाणेदार मांस भरू लागते आणि शेवटी वरून कातडी येते. मधुमेही पायाची जुनी जखम मात्र सुजेच्याच टप्प्यावर अडकून राहते. तिच्या स्रावात प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) मोठ्या प्रमाणात असतात आणि ती शरीराने तयार केलेले वाढीचे घटकही नष्ट करतात. मग बाहेरून लावलेला घटक त्याच स्रावात किती टिकणार, हा रास्त प्रश्न आहे. क्युबातील शास्त्रज्ञांनी या अडचणीवर वेगळा मार्ग काढला. त्यांनी हेच प्रथिन जखमेच्या कडांत आणि तळाशी टोचून देण्याचे औषध विकसित केले आणि २००६ मध्ये त्याची तेथे नोंदणी झाली. आपल्याकडील जेल वरून लावायची असते, म्हणून जखम धुऊन तिच्यावरचा चिकट थर काढल्याशिवाय ती लावणे म्हणजे वखरणी न केलेल्या वावरात महागडे बियाणे टाकण्यासारखे आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येक जण ती आयोडिनच्या मलमावर किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने फेस काढल्यावर लगेच लावत होते. पेरॉक्साइड नव्याने येणाऱ्या पेशींनाही इजा करते. सलाइनच्या पाण्याने जखम धुणे, कडेचा कडक घट्टा डॉक्टरांकडून कापून घेणे आणि मगच जेलचा पातळ थर लावणे, हा क्रम कोणीतरी त्यांना शांतपणे सांगायला हवा होता.

आता पुराव्याविषयी. या वर्गातील सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले औषध म्हणजे बेकाप्लर्मिन; त्यातील घटक वेगळा आहे, रक्तबिंबिकांपासून (प्लेटलेटपासून) मिळणाऱ्या वाढघटकाचा तो कृत्रिमरीत्या बनवलेला प्रकार आहे. डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला मधुमेही पायाच्या जखमेसाठी मान्यता दिली. त्याच्या मुख्य चाचणीत वीस आठवड्यांनंतर औषध लावलेल्या गटातील सुमारे ५० टक्के रुग्णांच्या जखमा पूर्ण बंद झाल्या, तर औषध नसलेली जेल लावलेल्या गटातील सुमारे ३५ टक्के रुग्णांच्या. हा फरक खरा आहे आणि मी तो कमी लेखत नाही. मात्र त्या ३५ टक्क्यांकडेही नीट पाहावे. त्या रुग्णांना औषध मिळाले नव्हते. नियमित सफाई, चांगले ड्रेसिंग आणि पायावरचा भार कमी करणे एवढेच मिळाले होते, आणि तरीही त्यांच्यापैकी एक-तृतीयांशाहून अधिक जणांचे पाय बरे झाले. शिवाय ही सगळी निगा दोन्ही गटांना मिळाली होती. म्हणजे औषधाने जे दिले ते या निगेच्या वर दिले. आमच्या भागात ही निगाच नसते आणि ट्यूबकडून मात्र पूर्ण ५० टक्क्यांची अपेक्षा केली जाते.

मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ग्रोथ फॅक्टर सरसकट वापरू नयेत असेच सुचवले आहे, कारण उपलब्ध चाचण्यांचा दर्जा त्यांना पुरेसा वाटला नाही. बेकाप्लर्मिनवर २००८ मध्ये एक गंभीर इशाराही छापला गेला होता: तीन किंवा अधिक ट्यूब वापरलेल्या रुग्णांत कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक दिसल्याचे एका पाहणीत आढळले होते. पुढील अभ्यासांनंतर २०१८ मध्ये तो चौकटीतील इशारा काढण्यात आला. तरीही ज्याला कर्करोग आहे किंवा होऊन गेला आहे, त्याने पेशींची वाढ करणारे कोणतेही औषध डॉक्टरांना ती गोष्ट सांगितल्याशिवाय लावू नये. दुकानदार हे विचारत नाही आणि रुग्णही आपण होऊन सांगत नाही.

उन्हाळा ही आमच्याकडची सर्वांत मोठी अडचण आहे आणि या औषधाच्या वेष्टनावर तिचा विचार झालेला मला दिसला नाही. प्रथिनाचे औषध उष्णतेने बिघडते. बेकाप्लर्मिन तर २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत ट्यूब नागपूरहून पार्सलने निघते, बसस्थानकावर किंवा वाहतूकदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये थांबते, दुकानाच्या फ्रिजमध्ये पोहोचते, वीज गेली की तेथेही गरम होते आणि शेवटी अशा घरात जाते जिथे फ्रिज नाही. मी लोकांना ट्यूब झाकणाच्या डबीत घालून माठाच्या गारव्याला ठेवायला सांगते, पण कडक उन्हाळ्यात माठाचे पाणी फ्रिजइतके थंड राहत नाही. एकदा मेच्या अखेरीस आलेली ट्यूब पिळल्यावर घट्ट जेलऐवजी पाणीच बाहेर आले. दुकानदाराने ती परत घेतली नाही आणि वितरकानेही जबाबदारी झटकली. पैसे गेले ते एका शेतमजूर बाईचे, जिची त्या ट्यूबवर तीन-चार दिवसांची मजुरी खर्च झाली होती. लशीच्या कुपीवर उष्णता लागली की रंग बदलणारे चिन्ह असते आणि आमच्या आशाताई ते ओळखतात. तसे चिन्ह या ट्यूबवर लावणे उत्पादकाला अवघड जाऊ नये.

आकाराचाही विचार व्हावा. रुपयाएवढ्या जखमेला रोज लागते ती वाटाण्याएवढी जेल. मोठी ट्यूब उघडल्यावर तिचे तोंड जखमेला लागते, हात धुतलेले नसतात आणि घरात धूळ असते. संपेपर्यंत ती स्वच्छ राहत नाही. एका दिवसाच्या वापरापुरत्या छोट्या पुड्या मिळाल्या तर हा धोकाही टळेल आणि ज्याच्याकडे आज पूर्ण ट्यूबचे पैसे नाहीत तो आठवड्यापुरते औषध घेऊन सुरुवात करू शकेल. सोबतचे माहितीपत्रक बारीक इंग्रजीत आहे. ज्या माणसाची नजर मधुमेहाने आधीच कमी झाली आहे, त्याच्या हाती असे पत्रक देणे मला मान्य नाही. ठळक मराठीतील आणि चित्रांसह दिलेले एक पान पुरेसे होईल.

मेडिकलच्या कपाटातील जखमेवरच्या इतर वस्तूंविषयी थोडक्यात लिहिते. ओलसर वातावरणात जखम लवकर भरते हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगातून दाखवले आणि फोम, हायड्रोकोलॉइड वगैरे ड्रेसिंगची सगळी पिढी त्या विचारातून पुढे आली. आमच्या ड्रेसिंग खोलीत मात्र बराच काळ कोरड्या गॉजचाच वापर चालू होता आणि ते ओढून काढताना नवी कातडीही निघून येत असे. फोमचे ड्रेसिंग मला मनापासून आवडते. ते चिकटत नाही आणि दोन-तीन दिवस टिकते. कोलॅजनचे पापुद्रे आणि चांदीयुक्त ड्रेसिंग मात्र केवळ जखम लवकर भरावी म्हणून घेण्याचे कारण नाही. वर उल्लेखलेल्या २०२३ च्या सूचनांतही त्या हेतूने ती वापरू नयेत असे म्हटले आहे. सुक्रोज ऑक्टासल्फेट असलेल्या ड्रेसिंगचे उदाहरण वेगळे आहे. युरोपात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४० रुग्णांच्या चाचणीत ते वापरलेल्यांपैकी ४८ टक्क्यांच्या जखमा वीस आठवड्यांत बंद झाल्या, तर साध्या ड्रेसिंगने ३० टक्क्यांच्या. ते ड्रेसिंग आमच्या तालुक्यात मी अजून पाहिलेले नाही.

कपाटात ड्रेसिंगची इतकी गर्दी आणि खऱ्या औषधांची इतकी वानवा का, याचे कारण बाजारात येण्याच्या वाटेत आहे. ड्रेसिंग हे वैद्यकीय उपकरण मानले जाते आणि त्याला २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात. जेलमधील प्रथिन मात्र औषध ठरते आणि नव्या औषधाला मान्यतेसाठी सामान्यतः रुग्णांवरील चाचण्यांतून परिणाम सिद्ध करावा लागतो. ही वाट लांब आणि खर्चिक आहे. त्यातच जखमेच्या औषधासाठी कसोटीही कठोर ठेवलेली आहे. अमेरिकी नियामकाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेनुसार जखम पूर्ण बंद झाली असे केव्हा म्हणायचे, तर तिच्यावर कातडी आली, स्राव थांबला, ड्रेसिंगची गरज उरली नाही आणि दोन आठवड्यांच्या अंतराने दोन्ही वेळा तसेच दिसले तर. ही कसोटी मला अगदी योग्य वाटते. जखम ‘चाळीस टक्के लहान झाली’ हे सांगून कास्तकाराला काय मिळते? उघड्या जखमेचा पाय तो चिखलात घालू शकत नाही. म्हणून एखादा एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, नव्या उत्पादनाचे कागद घेऊन आला तर डॉक्टरांनी त्याला दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: जखमा पूर्ण बंद झालेल्या किती, आणि भारतातील चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक काय. १५ जून २००९ पासून आपल्याकडे औषधांच्या चाचण्यांची नोंद सार्वजनिक नोंदवहीत करणे बंधनकारक आहे, त्यामुळे हा क्रमांक मागण्यात कोणाचा अपमान होत नाही.

हळदीचे नाव येथे घ्यावेच लागेल, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या जखमेवर ती आधीच लागलेली असते. ताज्या जखमेवर कंबरमोडीचा रसही पिळलेला असतो. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्या लढ्याचा मला अभिमान आहे. पण तो निकाल हे ज्ञान कोणाचे, एवढ्यापुरता होता. बधिर झालेल्या मधुमेही पायाच्या खोल जखमेत कुटलेली हळद भरावी की नाही याचे उत्तर त्यात नव्हते. मी तरी ती भरू देत नाही. पूड आत अडकते, जखमेचा तळ दिसत नाही आणि पू झाला तरी कळत नाही. आपल्या मातीतल्या साधनांतून शिस्तीने नवे उपचार घडू शकतात हे मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या ड्रेसिंगवर केलेल्या कामातून दिसते. त्यांनी निर्जंतुक केलेले पान त्वचारोपणासाठी कातडी काढलेल्या जागेवर वापरून त्याचे निष्कर्ष रीतसर प्रसिद्ध केले. अशा कामाची विदर्भाला फार गरज आहे.

आता या परीक्षणातील सर्वांत महत्त्वाचा भाग. तळपायाच्या जखमेला औषधाहून अधिक गरज असते ती भार काढण्याची. मधुमेहाने पायाची जाणीव गेलेली असते, म्हणून पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या झाडाचे, धसकट टोचले किंवा मे महिन्यातल्या तापलेल्या डांबरी सडकेने तळवा भाजला तरी कळत नाही. आणि जखम झाल्यावरही दुखत नसल्यामुळे माणूस तिच्यावरच चालत राहतो. प्रत्येक पावलाला नवे मांस चिरडले जाते. हे आपल्या देशाला नवे नाही. ब्रिटिश शल्यचिकित्सक पॉल ब्रँड १९४६ मध्ये तमिळनाडूतील वेल्लोरला आले. कुष्ठरुग्णांच्या पायाच्या जखमा त्यांनी पायाला सर्व बाजूंनी नीट बसणाऱ्या प्लास्टरने बऱ्या केल्या आणि पुढे तीच पद्धत जगभर मधुमेही पायासाठी वापरली गेली. आजही तळपायाच्या पुढच्या आणि मधल्या भागातील अशा जखमेसाठी गुडघ्यापर्यंतचे, रुग्णाला स्वतः काढता न येणारे साधन हाच पहिला पर्याय मानला जातो. ज्या विदर्भात १९३६ पासून वर्ध्याजवळील दत्तपूरचे कुष्ठधाम उभे आहे आणि बाबा आमटे यांचे आनंदवन आहे, त्या विदर्भात बधिर पायाची काळजी ही अनोळखी विद्या नाही. कुष्ठरुग्णांना शासकीय कार्यक्रमातून मऊ रबराची एमसीआर चप्पल मिळते. शेजारच्याच घरातील मधुमेही माणसाच्या पायाची अवस्था तीच असताना त्याने ती कोठून घ्यावी हे मात्र कोणी सांगत नाही.

माझ्या अनुभवात ज्यांच्या जखमा या जेलने भरल्या, त्यांच्या तळव्याला मी जखमेभोवती जाड फेल्टची (नमद्यासारख्या मऊ कापडाची) पट्टी चिकटवली होती आणि घरच्यांनी त्यांना खरोखर बसवून ठेवले होते. ज्यांच्या भरल्या नाहीत, त्यांतील बरेच जण सोयाबीनच्या सोंगणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांतले होते. त्यांना दोष देणे मला जमत नाही. वेचणीचे दिवस गेले की वर्षाचा पैसा गेला, हे त्यांना माझ्याहून चांगले कळते. म्हणूनच औषध तयार करणाऱ्यांनी भार काढण्याचा विचार रुग्णावर सोडून देऊ नये असे मी म्हणते. जेलच्या खोक्यातच फेल्टच्या कापलेल्या पट्ट्या, सलाइनच्या छोट्या बाटल्या आणि मराठी पत्रक असावे. किंमत थोडी वाढली तरी चालेल, कारण आज ती ट्यूब पुष्कळदा वायाच जाते.

कोणी घ्यावी हे आता नेमके सांगता येईल. जखम होऊन काही आठवडे झाले आहेत, पावलावर नाडी लागते, पू किंवा दुर्गंधी नाही, हाड दिसत नाही, साखर आटोक्यात आणण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि पाय वर ठेवण्याची तयारी आहे, अशा रुग्णाने डॉक्टरांशी बोलून ती घ्यावी आणि जखमेचा आकार दर आठवड्याला पारदर्शक प्लास्टिकवर पेनाने काढून ठेवावा. चांगली निगा घेऊनही चार आठवड्यांत जखमेचे क्षेत्रफळ निम्म्याने कमी झाले नाही तर ती बारा आठवड्यांत भरण्याची शक्यता कमी असते. तेव्हा आणखी एक ट्यूब आणण्याऐवजी सेवाग्राम किंवा नागपूरच्या रुग्णालयात रक्तवाहिन्यांची तपासणी करून घ्यावी. बोट काळे पडले, ताप आला किंवा लाली घोट्याकडे चढू लागली तर त्याच दिवशी निघावे, आणि जेल घरीच राहू द्यावी.

नवे उपचार विकसित करणाऱ्या संस्थांना आणि कंपन्यांना माझी एक विनंती आहे. गडचिरोलीसारख्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या काही रुग्णांना घोट्याजवळ अशीच न भरणारी जखम होते. ती मधुमेहाची नसते, त्यामुळे मधुमेही पायासाठी मान्यता मिळालेल्या कोणत्याही औषधाच्या कागदांत तिचा उल्लेख नसतो आणि तरुण मुलामुलींना पट्ट्या बांधून वर्षे काढावी लागतात. सिकलसेल निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान २०२३ मध्ये सुरू झाले आहे आणि तपासण्याही होत आहेत. त्याच यादीतून अशा जखमा असलेले रुग्ण शोधणे शक्य आहे. पुढच्या जेलची चाचणी आखताना तिची केंद्रे फक्त महानगरांत ठेवू नयेत. एक केंद्र गडचिरोलीत आणि एक यवतमाळात ठेवावे, औषध तेथे उन्हाळ्यातही पाठवून पाहावे, आणि ज्याला शेतात जाणे टाळता येत नाही अशा रुग्णाला चाचणीतून वगळू नये.